मोठं कुलूप घेण्याआधी कोयंड्याचे स्क्रू बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या कडेला नव्या वस्तीत रो-हाउस, दोघंही नोकरीला, शेजारच्या गल्लीत दोन घरं फुटली, गणपतीला आठ दिवस गावी जायचंय आणि हातात दहा हजार आहेत. तर सीसीटीव्ही घ्यावा की डिजिटल लॉक?

दोन्ही नको. निदान आधी नको. पहिले तीन-चार हजार दाराच्या लाकडात घाला, मग बाकीचं बोलू.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे घर फुटल्याच्या दुसऱ्या दिवशीचं गिऱ्हाईक मला बघायला मिळतं. माणूस पिशवीतून उपटलेला कोयंडा काढून काउंटरवर ठेवतो. त्यात कुलूप लटकतंय, अगदी धडधाकट, बंदच्या बंद. कोयंड्याच्या भोकांत पाऊण इंची स्क्रू, आणि स्क्रूच्या आट्यांत चौकटीच्या लाकडाचा भुसा अडकलेला. आणि हा बाबा म्हणतो, "याच्यापेक्षा मोठं कुलूप द्या." अहो, कुलपाला काय झालंय? ते बिचारं अजून बंदच आहे. पेपरात रोज छापून येतं ना, "कडीकोयंडा उचकटून"? ते शब्दशः खरं असतं. कुलूप कापत कोणी बसत नाही. कटावणी घालायची, एक हिसका द्यायचा, पाऊण इंचाचे स्क्रू किती धरून ठेवणार?

म्हणून पहिलं काम हे. दाराच्या बाजूला कडी किंवा अल्ड्रॉप (कुलूप अडकवायची जाड सरकती कडी) जे काही असेल, त्याचे स्क्रू काढून आरपार बोल्ट टाका. दुकानात कॅरेज बोल्ट मागा. त्याचं डोकं गोल घुमटासारखं असतं आणि डोक्याखाली चौकोनी मान असते, ती लाकडात रुतते. त्यामुळे बाहेरून पाना धरायला जागा नाही आणि बोल्ट फिरतही नाही. नट आतल्या बाजूला, त्याच्याखाली रुंद वायसर. एका अल्ड्रॉपला चार बोल्ट म्हणजे शंभर रुपयांच्या आतबाहेरचं सामान. चौकटीच्या बाजूला आरपार बोल्ट टाकता येत नाही, तिथे तीन इंची स्क्रू घ्या, म्हणजे ते चौकटीच्या पोटात खोलवर जाऊन बसतात.

आता चौकटच भिंतीत पक्की आहे का? बिल्डरच्या घरांत हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दार बंद करून चौकटीला खांद्याने रेटा द्या. चौकट आणि प्लास्टरच्या मधली फट हलताना दिसली किंवा तिथून सिमेंटची भुकटी पडली, तर होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, ढिले आहेत किंवा घातलेच नाहीत. सुताराला प्रत्येक बाजूला तीन-तीन ठिकाणी फास्टनर (भिंतीत फुलून घट्ट बसणारे बोल्ट) मारायला सांगा, चौकटीतून थेट विटेत. एक दिवसाची मजुरी जाईल. माझ्या मते तुमच्या दहा हजारांतला हा सगळ्यात कामाचा खर्च. दिसत मात्र काहीच नाही, त्यामुळे लोकांना तो नकोसा वाटतो.

हे झाल्यावर कुलूप. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे "आत कोणी नाही" अशी जाहीर पाटीच. त्यापेक्षा दारातच बसणारं नाइट लॅच किंवा मॉर्टाइज लॉक घ्या. बाहेरून नुसतं चावीचं भोक दिसतं, मालक आत घोरतोय की कोकणात मोदक खातोय हे रस्त्यावरून कळत नाही. दीड ते तीन हजारांत चांगल्या कंपनीचं येतं. फक्त दार नुसतं ओढून घेऊन निघू नका. ओढल्यावर जी जीभ अडकते ती स्प्रिंगवर असते, फटीतून प्लास्टिकची पट्टी सरकवून ती मागे ढकलता येते. बाहेरून चावी पूर्ण फिरवली की पक्का खटका बसतो. आणि लटकतं कुलूप लावायचंच असेल तर ते गेटला लावा, तेही बारा महिने, घरात असतानासुद्धा. म्हणजे कुलूप बघून कोणाला काही अंदाज यायचा नाही.

डिजिटल लॉकबद्दल एकच सांगतो. चार हजारांचं बोटाच्या ठशाचं लॉकही शेवटी त्याच चौकटीला धरून असतं.

आता मागचं दार. पुढे सागवानी दार, पितळी कड्या, त्यावर गणपती कोरलेला, आणि मागे मोरीकडे उघडणारं दार म्हणजे पीव्हीसीचा पत्रा. चोर पुढून कशाला येईल? मागच्या दाराला आपण जाताना बाहेरून कधीच कुलूप लावत नाही, ते आतूनच बंद असतं, आणि त्यामुळेच तिथे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुना उपाय चालतो: अडसर. जुन्या वाड्यांच्या दिंडीदरवाजाला भिंतीतून सरकवायचा लाकडी अडसर असायचा, तोच. फॅब्रिकेटरकडून दोन्ही बाजूंच्या भिंतीत लोखंडी यू-क्लॅम्प फास्टनरने बसवून घ्या आणि त्यात आडवा चौकोनी पाइप टाका. पाचशे-सातशे रुपयांत काम होतं. बाहेरून कितीही लाथा मारल्या तरी जोर भिंतीवर जातो, कडीवर येत नाही. दार पीव्हीसीचं असेल तर ते मधोमध फोडता येतं, तेव्हा दोन अडसर टाका, एक गुडघ्याच्या उंचीवर आणि एक छातीच्या. गच्चीच्या दारालाही हेच करा. रो-हाउसच्या रांगेत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जायला हातभर भिंत ओलांडावी लागते, बस.

खिडक्यांना ग्रिल असेलच. बोटाने वाजवून बघू नका, सळई मोजा. आठ मिलिमीटरची असेल तर ती पहारीने वाकते. प्रत्येक फुटावर एक आडवी पट्टी वेल्ड करून घेतली की वाकवणं अवघड होतं, नवीन ग्रिल करायची गरज नाही. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत मापाने कापलेली काठी टाकून ठेवा, फुकटात होतं. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी मात्र विसरू नका. त्या पट्ट्या बाहेरून एकेक सरकवून काढता येतात आणि तिथून लहान चणीचा पोरगा आत जातो. आतून दोन गज मारले की झालं. एक खबरदारी: सगळीकडे पक्की ग्रिल ठोकून स्वतःलाच कोंडून घेऊ नका. आग लागली तर निघायचं कुठून? एका खिडकीला बिजागरीचं उघडणारं ग्रिल ठेवा, कुलूप आतून, आणि चावी घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या खिळ्यावर, बाहेरून हात पोचणार नाही अशा जागी.

घर बंद आहे हे बाहेरून दिसू न देणं हा दुसरा अर्धा भाग, आणि त्याला पैसे जवळपास लागतच नाहीत. दिवसाढवळ्या पोर्चमधला दिवा जळतोय, गेटला तीन दिवसांचे पेपर अडकलेत, दारात रांगोळी नाही, तुळस सुकलीय. कोणालाही कळेल. दिवा चोवीस तास चालू ठेवून जाणं हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे आणि तो उलटाच पडतो. दोन-तीनशे रुपयांत दिवस-रात्र ओळखणारा सेन्सर मिळतो, अंधार पडला की दिवा लागतो, उजाडलं की विझतो. आतल्या एका खोलीतल्या दिव्याला टायमर लावा, संध्याकाळी सातला लागून साडेदहाला विझेल असा. शेजाऱ्यांना सांगा की त्यांची गाडी तुमच्या पोर्चमध्ये लावा, गेटमधली जाहिरातीची कागदं उचला, जमलं तर दोन कपडे वाळत घाला. परत आल्यावर खोबऱ्याच्या वड्या द्या. गावाला निघाल्याचे फोटो स्टेटसला टाकायचे तर परत आल्यावर टाका.

शेजाऱ्यांचा आणखी एक उपयोग. चोरीच्या आधी आसपासच्या दारांना बाहेरून कड्या लावून ठेवायच्या ही ठरलेली पद्धत आहे. आवाज आला तरी कोणाला बाहेर येता येऊ नये म्हणून. तेव्हा नाइट लॅच बसवलंत तर बाहेरची कडी काढूनच टाका (वरचे बोल्ट ती ठेवणार असाल तरच), आणि गल्लीतल्या चार घरांचे नंबर एकमेकांकडे ठेवा, म्हणजे कोंडलेला माणूस दुसऱ्याला फोन करू शकेल. ११२ तर आहेच. जाण्याआधी जवळच्या पोलीस चौकीत तारखा सांगून ठेवा, गस्तीवाल्यांना तुमची गल्ली माहीत झालेली बरी. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री ढोल-ताशांत दार फोडल्याचा आवाज कोणाला येणार आहे?

कुत्रा? पाळायची हौस असेल तर पाळा. पण आठ दिवस गावाला गेल्यावर त्याला भाकरी कोण घालणार?

आता कॅमेरा. एवढं सगळं करून पैसे उरले तर जरूर घ्या, मी काही त्याच्या विरोधात नाही. पण कॅमेरा दार अडवत नाही, झालेलं दाखवतो, आणि माकडटोपी घातलेला माणूस त्यात माकडटोपीच दाखवतो. चार कॅमेऱ्यांचा संच घेऊन त्याचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, टीव्हीच्या खाली शोकेसमध्ये ठेवणारी घरं भरपूर आहेत. चोर जाताना टीव्हीबरोबर डीव्हीआरही नेतो, पुरावाच त्याच्या पिशवीत. तुमच्या बजेटमध्ये दोन-अडीच हजारांचा एकच वायफाय कॅमेरा बसतो. तो गेटकडे तोंड करून, माणसाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर, आणि रेकॉर्डिंग कार्डाबरोबर क्लाउडवरही जाईल असा घ्या. राउटर आणि कॅमेरा दोन्हींना छोटा यूपीएस लावा, कारण रो-हाउसला बहुतेक मीटर आणि मेन स्विच दोन्ही बाहेर भिंतीवर असतात, एक खटका खाली ओढला की कॅमेरा आंधळा. कॅमेऱ्याचं तोंड समोरच्यांच्या दाराकडे नको, उगीच भांडण. त्याहून स्वस्तात काय हवं असेल तर माणूस हलला की लागणारा सेन्सरचा दिवा मागच्या बाजूला लावा. अंधारात काम करणाऱ्याच्या तोंडावर एकदम उजेड पडला तर तो दचकतोच.

हे सगळं करूनही घर फुटू शकतं, म्हणून आत काय ठेवलंय याचा विचार करा. गोदरेजचं कपाट, आतला लॉकर, आणि दोन्हींच्या चाव्या कपाटावर, नाहीतर साड्यांच्या घडीत, नाहीतर देवघरात. चोराला ही यादी तोंडपाठ असते. दागिने बँकेत ठेवा. तिथेही एक गोष्ट माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेचे नियम १ जानेवारी २०२२ पासून बदलले आणि बँकेत चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट इतकीच आहे. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आजच्या सोन्याच्या भावात ते किती, तुम्हीच बघा. तरी घरातल्या कपाटापेक्षा बरं.

विम्याचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. गृहकर्ज घेताना बँकेने "भारत गृह रक्षा" पॉलिसी गळ्यात मारली असेल, ती आग, पूर, भूकंप वगैरेंसाठी आहे. त्यात चोरी येते ती फक्त अशा एखाद्या आपत्तीमुळे, तिच्यानंतरच्या सात दिवसांत झाली तर. साधी घरफोडी त्यात नाही, तिच्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. घेतलंत तर त्यातली अट वाचा: बळजबरीने आत शिरल्याची खूण लागते. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ साली हेच धरलं, पॉलिसीत तसं लिहिलं असेल तर बळ वापरल्याशिवाय झालेली चोरी भरपाईला पात्र नाही. म्हणजे कुंडीखाली ठेवलेल्या चावीने कोणी दार उघडून गेला तर पैसे विसरा. चावी कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, बुटांच्या रॅकमध्ये, कुठेच ठेवू नका.

चावीवरून आठवलं. गल्लीतून ओरडत जाणाऱ्या चावीवाल्याला कपाटाच्या लॉकरची चावी बनवायला घरात घेऊ नका. "चावी गरम करून आणा", "तेल आणा" म्हणत तुम्हाला स्वयंपाकघरात पिटाळायचं आणि तेवढ्यात लॉकर साफ, मग "कुलूप अडकलंय, संध्याकाळपर्यंत उघडू नका." ठाव-ठिकाणा असलेल्या दुकानातूनच माणूस आणा.

दागिन्यांच्या पावत्या आणि जवळून काढलेले फोटो फोनमध्ये नको, मेलवर ठेवा. माल सापडला तर तो आपलाच आहे हे दाखवायला तेवढंच लागतं. आणि परत आल्यावर दार उघडं दिसलं तर आत शिरून कपाटं चाचपू नका, ठसे जातात, कधीकधी चोर आतच असतो. बाहेरूनच ११२ लावा. फिर्यादीत दार कसं फोडलं ते नीट लिहून घ्या. आता भारतीय न्याय संहितेत घरातल्या चोरीला कलम ३०५ आणि घरफोडीला ३३१ लागतं, विमावाले एफआयआरची प्रत मागतातच.

बोल्ट आणायला जाण्याआधी दाराची जाडी मोजून घ्या. फ्लश डोअर, म्हणजे प्लायचं सपाट दार, बहुतेक ३० किंवा ३५ मिलिमीटरचं असतं. त्यात अल्ड्रॉपच्या पट्टीची आणि वायसरची जाडी मिळवा, वर नटासाठी अर्धा इंच धरा. साधारण दोन ते अडीच इंची बोल्ट लागतो. जास्त लांब घेतलात तर आतल्या बाजूला टोक बाहेर राहतं आणि पडदे, पदर त्यात अडकतात. ते ब्लेडने कापून घ्यायला सुताराला आधीच सांगा, नंतर तो येत नाही.