“बाकीच्यांना काय वाटतच नाही बघा मॅडम”

“मीच हळवी आहे की काय?” कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येणाऱ्या बहुतेक नर्स हेच विचारतात. त्यातल्या एकीचा अनुभव तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

या सिस्टर जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या, एका खासगी रुग्णालयात जनरल वॉर्डला. त्या रात्री वॉर्ड भरलेला आणि जोडीची सिस्टर रजेवर. एका पेशंटला रक्त चढत असताना थंडी वाजून आली. रक्त बंद करा, डॉक्टरांना बोलवा, जवळ थांबा. यात बाकीच्यांचे दोन वाजताचे बीपी-नाडीचे रकाने कोरे राहिले. सकाळी हँडओव्हरला इन्चार्ज म्हणाल्या, “अंदाजाने भरून टाक. राउंडला कोरं दिसायला नको.” या सिस्टरनी भरले. कुणाला काही झालं नाही, पण यांची झोप गेली. नवरा म्हणाला, “सगळीकडं असंच चालतंय. डोक्याला लावून घेऊ नको.”

लिंडा ओल्सन या अमेरिकी नर्स-संशोधिकेने १९९८ मध्ये रुग्णालयातलं नैतिक वातावरण जोखायला २६ विधानांची प्रश्नावली केली. सहकारी, पेशंट, वरिष्ठ, डॉक्टर आणि रुग्णालय या पाच नात्यांबद्दल नर्सला काय वाटतं, ते ती विचारते. मी ही पाच नाती कागदावर लिहून दिली. सहकारी? “सांभाळून घेतात.” पेशंट? “नातेवाईक ओरडतात, चालायचंच.” डॉक्टर? “रात्री पण फोन उचलतात.” (हे मला अनपेक्षित. एरवी गाठ इथेच सापडते.) वरिष्ठांपाशी मात्र त्या अडल्या. “रकाने कोरे का राहिले, हे कुणी विचारलंच नाही ओ.”

योग्य काय ते कळतं, पण संस्थेची रीत ते करू देत नाही, या घुसमटीचं वर्णन अँड्र्यू जेमटन या अमेरिकी तत्त्वज्ञांनी १९८४ मध्येच केलं आहे. तिच्यावर मन घट्ट करण्याचा सल्ला मी देत नाही. प्राणायाम जरूर करा, पण त्याने वॉर्डात दुसरी सिस्टर येत नाही.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. राहिलेला रकाना कोराच ठेवायचा आणि नर्सिंग नोट्समध्ये वेळ घालून कारण लिहायचं. सही आपली असते. उद्या प्रश्न आला तर अंदाजाचा आकडाही आपल्याच नावावर. आणि इन्चार्जकडे जाण्याआधी एका सहकारणीशी बोलायचं. ती म्हणाली, “मी तर आधीच्या आकड्यात दोन-चार इकडंतिकडं करते. लाज वाटते गं.”

दोघी मिळून गेल्या. इन्चार्ज आधी चिडल्या, “मी पण वरून बोलणी खातेच की!” मग कळलं, रात्रीला माणूस वाढवून द्या असा त्यांचाच अर्ज मेट्रनकडे पडून होता. आता तिघींनी मिळून पुन्हा दिला. जोडीची रजेवर असेल त्या रात्री कॅज्युअल्टीतून मदत बोलवायची, एवढं पदरात पडलं.

जिथे कोऱ्या रकान्यावरून नोकरीचीच धमकी मिळते, तिथे हे एकटीने करू नका. आधी सोबत जमवा.

मदत दर वेळी येतेच असं नाही. नाही आली की या सिस्टर रकाना कोरा ठेवून कारण लिहितात. इन्चार्ज अजूनही कपाळाला आठ्या घालतात, पण “भरून टाक” म्हणत नाहीत.