वारसा जपताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या भागातली एक जुनी इमारत पाडणार असं कळतंय. आम्ही काही जण वारसा मंडळ काढायच्या विचारात आहोत. सुरुवात सह्यांच्या मोहिमेने करावी का?

सह्या जरूर घ्या, पण आधी कागद बघा. मालकी कोणाची, पाडण्यासाठी नुसता अर्ज झालाय की परवानगीही मिळाली आहे, हरकत घ्यायची मुदत कधी संपते, हे पहिल्याच आठवड्यात शोधून काढा. मुदत टळली की सह्यांच्या गठ्ठ्याला फारसं वजन उरत नाही. मंडळाचं नाव आणि बोधचिन्ह यांवरची चर्चा खुशाल पुढे ढकला.

त्याच आठवड्यात इमारतीची नोंद सुरू करा. प्रत्येक खोलीचे फोटो, लांबी-रुंदी-उंची, जिन्याचा कठडा, खिडक्यांच्या बिजागऱ्या, तिथे राहिलेल्या माणसांच्या आठवणी, सगळं तारखेसह लिहून ठेवा. ही नोंद किती मोलाची ठरू शकते ते पोलंडमधल्या वॉर्सात दिसलं. दुसऱ्या महायुद्धात तिथला जुना भाग जमीनदोस्त झाला. तो पुन्हा उभारताना वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी मोजमापं घेऊन केलेली रेखाटनं कामी आली, अठराव्या शतकातल्या बेलोत्तो या चित्रकाराची नगरचित्रंही कामी आली. १९८० मध्ये युनेस्कोने तो भाग जागतिक वारसा यादीत घेतला. विद्यार्थ्यांनी मापं घेतली तेव्हा शहर धडधाकट उभं होतं.

प्रश्न : आमच्या जुन्या दगडी सभागृहाच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरून घेतल्या. आता ओल वाढली आहे आणि दगडाचे पापुद्रे सुटताहेत. दगडच हलका होता का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून दगडाला दोष देण्याआधी मी सिमेंटकडे बघेन. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, आणि ते सगळीकडे रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. त्यामुळे जुन्या दगडी भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात. चुना मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेलं पाणी दरजांतून बाहेर पडतं, वाफ होऊन उडून जातं. पाण्यातले क्षारही दरजांतच साचतात. दरज झिजते, दगड शाबूत राहतो, आणि काही वर्षांनी दरजा पुन्हा भरायच्या, एवढंच काम उरतं. चुन्याची दरज झिजण्यासाठीच असते.

सिमेंटने ही वाट बंद होते. मग पाणी दगडातूनच बाहेर येतं, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक धरतात आणि वरचा थर उचलून टाकतात. भिंतीवर हात फिरवून बघा. सिमेंटच्या रेषा पुढे आलेल्या आणि दगड आत गेलेले लागले, तर दोष सिमेंटचाच, हे जवळजवळ पक्कं समजा.

सिमेंट काढायला कटर मशीन मात्र लावू देऊ नका. दगडांच्या कडा एकदा गेल्या की गेल्या. छिन्नी-हातोडीने छोट्या भागावर प्रयोग करून बघा आणि आत उरलेल्या मूळ चुन्याचा नमुना तपासून घ्या. नवा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून सुरुवातीचे दिवस त्याला कडक ऊन लागू देऊ नका, भिजतं ठेवा. आणि त्याआधी गळकी पन्हळ दुरुस्त करा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल.

प्रश्न : माझं घर वारसा यादीत घेतलं तर ते माझं राहील का?

मालकी तुमचीच राहते. नियम देशोदेशी वेगळे असले, तरी यादीत येणं म्हणजे साधारणपणे ठरावीक बदलांसाठी आधी परवानगी घेणं. न्यूयॉर्कमध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६३ मध्ये तिथलं पेन स्टेशन पाडायला घेतलं, त्यावर लोक हळहळले आणि १९६५ मध्ये शहराने वारसा वास्तूंचा कायदा केला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनवर उंच इमारत बांधायला परवानगी नाकारली गेली, म्हणून मालक कंपनी कोर्टात गेली. १९७८ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. स्टेशन पूर्वीसारखंच वापरता येत होतं आणि न वापरलेले बांधकामाचे हक्क जवळच्या जागांवर नेण्याची सोय होती, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं.

तुमची धास्ती मला रास्त वाटते. देखभालीचा बोजा एकट्या मालकावर टाकून 'वारसा जपा' म्हणणं अन्यायाचं आहे. करसवलत, अनुदान, तज्ज्ञांचा मोफत सल्ला यांसाठी मंडळांनी मालकाच्या बाजूने भांडायला हवं.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वारसा सहलीत मुलं कंटाळतात. नागरिकशास्त्राशी याची सांगड कशी घालू?

सनावळ्या कमी करा आणि एकच सार्वजनिक इमारत निवडा. कोनशिलेपाशी मुलांना थांबवून विचारा, यावर कोणाचं नाव आहे, आणि कोणाचं नाही? उद्घाटकाचं नाव बहुधा असतं, गवंड्यांचं क्वचितच. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. पैसे कुठून आले? जागा आधी कोणाची होती? बांधायचं कोणी ठरवलं?

परत आल्यावर वर्गातच सुनावणी घ्या. एक जण मालक, एक भाडेकरू, एक अभियंता, एक शेजारी आणि तिघे निर्णय देणारे. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं द्या आणि बाजू मांडताना हातात निदान एक कागद, नकाशा किंवा फोटो हवाच, असा नियम करा. निर्णय देणाऱ्यांनी कारणं लेखी द्यायची. दुसऱ्या दिवशी भूमिका बदला. काल मालक झालेल्या मुलाला आज भाडेकरू करा.