सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलीला मधुमेह निघाला, भात-बटाटा बंद करू का? डोळे-किडनी कधी तपासायची?

भात बंद करू नका. बटाटाही नाही, तूप तर मुळीच नाही. सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातले स्राव घट्ट होऊन फुप्फुसं आणि स्वादुपिंड बिघडवणारा जन्मजात आजार) असलेली मुलगी ११ वर्षांची, वजन २६ किलो, ओजीटीटीत (ग्लुकोजचं पाणी पाजून करायची साखरेची तपासणी) दोन तासांची साखर २१४ आणि सोसायटीतले सगळे भात तोडायला सांगताहेत, असं तुम्ही लिहिलंय. डोळ्यांचं नंतर सांगते. खरं नुकसान हा भात तोडल्यानं होतं.

मी ठाण्यात लहान मुलांच्या आहाराचं काम करते. कळव्याहून हाच आजार असलेला एक १२ वर्षांचा मुलगा यायचा. साखर वाढली म्हणून एका दवाखान्यानं छापील तक्ता हातात दिला: भात बंद, तूप अर्धा चमचा, रात्री नुसतं सूप. तो तक्ता पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या माणसासाठी होता. आईनं इमानेइतबारे पाळला. दोन महिन्यांत साडेतीन किलो गेले. साखरेचे आकडे सुरेख येत होते, म्हणून कुणाला खटकलं नाही. मग खोकला वाढला, स्पायरोमेट्री (फुंकर मारून मोजलेली फुप्फुसांची ताकद) घसरली, शिरेतून अँटिबायोटिक द्यायला ॲडमिट करावं लागलं. तिथे जेवणाबरोबर इन्सुलिन सुरू झालं, भात-तूप परत ताटात आलं, तेव्हा कुठे वजन चढू लागलं.

या आजारात घट्ट स्रावामुळे स्वादुपिंड खराब होत जातं आणि इन्सुलिन कमी पडतं. इन्सुलिन साखर उतरवतं तसं स्नायूही बांधतं. जेवण तोडलं की आकडा सुधारतो, पण इन्सुलिनची कमतरता तशीच राहते. वजन जातं आणि मागोमाग फुप्फुसं. म्हणून जेवण तेच ठेवून त्यातली कर्बोदकं मोजायची आणि त्याप्रमाणे इन्सुलिन द्यायचं. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम, लहान फुलक्यात १५ च्या आसपास. एन्झाइमची (अन्न पचवायला दिलेली) कॅप्सूल पहिल्या घासाला, आतले दाणे चावू द्यायचे नाहीत. मीठ कमी करू नका, आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच. तोडायचंच असेल तर कोल्ड्रिंक आणि बाटलीतला ज्यूस तोडा.

तपासणीचंही बघून घ्या. ग्लुकोज वजनाप्रमाणे द्यायचं असतं, किलोला १.७५ ग्रॅम, म्हणजे तिला ४५.५. लॅबमध्ये ७५ ग्रॅमचं अख्खं पाकीट पाजलं असेल तर तो आकडा धरू नका. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त होऊ नका, या मुलांत ती खोटी कमी येऊ शकते.

डोळ्यांचा पडदा आणि किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, हे मधुमेहाच्या निदानानंतर ५ वर्षांनी सुरू करून दरवर्षी, बीपी प्रत्येक भेटीत. अमिकासिन, टोब्रामायसिन ही अँटिबायोटिक शिरेतून वारंवार दिली जात असतील तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि कानांची तपासणी आधीपासूनच.

साखर ७० च्या खाली गेली तर दोन चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते.

टेस्ट तापात किंवा स्टेरॉइड चालू असताना झाली असेल तर बरं झाल्यावर परत करा. लक्षणं नसतील तरी दुसऱ्या दिवशीच्या तपासणीनं खात्री करावी लागते. इन्सुलिनचा डोस मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनंच (हार्मोन आणि मधुमेहाचे डॉक्टर) ठरवायचा. मॉड्युलेटर (सिस्टिक फायब्रोसिसच्या मुळावर काम करणारी) औषधं चालू असून वजन जास्त वाढलं असेल तर जेवणाचं वेगळं गणित मांडावं लागतं. २६ किलोवर तुमचा तो प्रश्न दिसत नाही. आणि कुणी छापील तक्ता दिलाच, तर तो कोणत्या वयाचा, कोणत्या मधुमेहाचा, हे तिथल्या तिथे विचारा. उत्तर मिळालं नाही तर टेबलावर ठेवून या.