बॅटमॅनला पूर्ण पान, मग बाकीच्यांचं काय?

मागच्या अंकात ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’वर आपण पूर्ण पान दिलं आणि त्यावरून ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांची जी पत्रं आलीत ती वाचून खूप बरं वाटलं. कॉमिक्सचा रिव्ह्यू कशाचा व्हावा यावर मराठीत कोणीतरी एवढं तावातावाने भांडतंय, हेच मला फार आवडलं. सगळी पत्रं छापायला जागा नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींची उत्तरं लांबलीत, काहींची दोन ओळीत संपलीत.

ताई, बॅटमॅनचं कौतुक तर सगळीकडे चालूच असतं, यूट्यूबवर, इन्स्टावर, मग आपल्या मासिकात परत तेच कशाला? आमच्या ग्रुपमधे यावरून दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते जे सगळे वाचतात त्याचाच रिव्ह्यू हवा, दुसरी म्हणते ज्याचं नाव कोणी ऐकलं नाही त्याचा. तुम्ही कुठल्या पार्टीत?
– एक वाचक, घोडबंदर रोड

मी दुसऱ्या पार्टीत, आणि का ते नीट सांगते. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून मंथली कॉमिक्सची विक्री मुख्यतः कॉमिक्सच्या खास दुकानांतून होते आणि तिथे बहुतेक माल दुकानदाराला परत करता येत नाही, उरला तर तो त्याच्याच अंगावर. म्हणून तो ऑर्डर आधीच देतो, इश्यू बाजारात यायच्या काही आठवडे आधी, आणि साहजिकच ज्याची खात्री आहे त्याच्याच जास्त कॉप्या मागवतो. बॅटमॅनची खात्री आहे. नवीन लेखकाच्या, नवीन हिरोच्या इश्यूची नाही. मग तो कमी येतो, कमी दिसतो, कमी खपतो, आणि गोष्ट नीट सुरू व्हायच्या आधीच पब्लिशर सिरीज बंद करतो. हे सगळं कोणी वाचायच्या आधीच ठरलेलं असतं, म्हणजे पुस्तक वाईट होतं म्हणून ते मेलं असं नाहीच. अशा वेळी कोणीतरी वेळेत सांगितलं की बाबांनो हे बघा, चांगलं आहे, तर खरंच फरक पडतो. बॅटमॅनला माझ्या एका पानाने काय फरक पडणार आहे!

तरी मागच्या वेळी ते पान दिलं कारण त्यात सांगण्यासारखं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमधे सुरू झालेल्या या सिरीजमधे स्कॉट स्नायडर आणि निक ड्रागोटा यांनी ब्रूसचा, म्हणजे बॅटमॅनचा, पैसाच काढून घेतलाय, वाडा नाही, बटलर नाही, आई जिवंत आहे आणि तो स्वतः सिटी इंजिनीअर आहे. श्रीमंती काढल्यावर बॅटमॅनमधे उरतं काय, हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारलाय. म्हणजे मोठ्या नावालाही पान मिळेल, पण त्यात नवीन काहीतरी घडत असेल तरच. दर महिन्याला बॅटमॅनने जोकरला पकडलं याची बातमी देणं हे रिव्ह्यूचं काम नाही असं मला ठामपणे वाटतं.

पण मॅडम जे जास्त खपतं तेच लोकांना आवडतं ना? मग खपाच्या लिस्टमधले टॉपचे दहा टायटल घ्या आणि त्यांचेच रिव्ह्यू करा, वाद मिटला.
– एक वाचक, ऐरोली

नाही मिटत. आधी ती लिस्ट काय असते बघ. वर्षानुवर्षं जे आकडे फॅन लोक एकमेकांना पाठवायचे ते वितरकाकडून दुकानांना किती कॉप्या गेल्या याचे असायचे, वाचकाने किती घेतल्या याचे नाही. आता १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला इश्यू घे, क्रिस क्लेअरमाँट आणि जिम ली यांचा, ८० लाखांच्या वर कॉप्या गेल्या आणि तो विक्रम अजून सांगितला जातो. पण त्याला पाच वेगवेगळी कव्हरं होती आणि एकेका माणसाने पाच-पाच घेतल्या, पुढे किंमत वाढेल म्हणून कपाटात ठेवल्या, दुकानदारांनी गठ्ठेच्या गठ्ठे मागवले. ती किंमत काही वाढली नाही कारण सगळ्यांकडेच तो इश्यू होता. त्यानंतरच्या वर्षांत हा फुगा फुटला, कितीतरी दुकानं बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरमधे ‘एक्स-मेन’ छापणाऱ्या मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामुळे खप आणि आवड या दोन गोष्टी मी तरी एका तागडीत टाकणार नाही.

आणि उलटं उदाहरण पण आहे. ‘द व्हिजन’ नावाची १२ इश्यूंची सिरीज २०१५ च्या शेवटी सुरू झाली, लेखक टॉम किंग, चित्रं गॅब्रिएल हर्नांडेझ वॉल्टा. व्हिजन काही पहिल्या फळीतला हिरो नाही. तो स्वतःसाठी एक यंत्रमानवांचं कुटुंब बनवतो, बायको आणि दोन मुलं, आणि वॉशिंग्टनजवळच्या एका साध्या सोसायटीत राहायला जातो, आणि शेजारी त्यांना कसे वागवतात आणि ते माणसासारखे व्हायच्या नादात काय काय करून बसतात याची ही गोष्ट. मारामारी अगदी थोडी. २०१७ मधे याला बेस्ट लिमिटेड सिरीजचा आयस्नर, म्हणजे कॉमिक्समधला मोठा पुरस्कार, मिळाला. टॉप टेन बघून घेणाऱ्याच्या हाताला हे लागलंच नसतं.

मी अ‍ॅनिमेशन शिकतेय. रिव्ह्यूमधे सगळे स्टोरीबद्दलच बोलतात, चित्रांना शेवटी एक ओळ, ‘आर्ट मस्त आहे’. असं का?
– एक वाचक, कोपरखैरणे

अगं हेच मला कधीपासून लिहायचं होतं. कॉमिक्सचा रिव्ह्यू करणारे बरेच जण मुळात गोष्टीचे वाचक असतात, चित्राबद्दल बोलायला शब्द नसतात आणि मग ‘मस्त’, ‘जबरदस्त’ वर काम भागवतात. पण कॉमिक्समधे गोष्ट सांगतो कोण? मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांचा ‘हॉकआय’ काढ, २०१२ ला सुरू झालेला. त्याचा अकरावा इश्यू घरातल्या कुत्र्याच्या नजरेतून आहे, माणसं काय बोलतात ते त्याला फारसं कळत नाही म्हणून फुग्यांमधले शब्द जवळजवळ सगळे पुसलेले, आणि त्याला जे कळतं, वास, पावलं, कोण कुणाबरोबर आलं, ते छोट्या छोट्या चिन्हांचे नकाशे काढून दाखवलंय. याच सिरीजच्या एकोणिसाव्या इश्यूत हिरोला ऐकू येत नाही तेव्हा बराचसा संवाद खुणांच्या भाषेत आहे. हे ‘आर्ट मस्त’ मधे बसवून दाखव! पॅनेल, म्हणजे चित्राची चौकट, लहान का झालं, डोळा पानावर कुठून कुठे जातो, रंग कधी बदलले, लेटरिंग कुठे मोठं झालं, हे सगळं रिव्ह्यूमधे यायला पाहिजे आणि तू स्वतः लिहिणार असशील तर इथूनच सुरुवात कर.

चित्रकारांचा विषय निघालाच आहे तर श्रेयाबद्दल अजून एक. बॅटमॅन १९३९ चा. कितीतरी दशकं त्याच्यावर फक्त बॉब केनचं नाव छापलं जायचं, आणि बिल फिंगर, ज्याने त्याचा पोशाख आणि गोष्टी घडवल्या, तो १९७४ ला गेला तेव्हाही त्याला अधिकृत श्रेय नव्हतं. ते मिळालं २०१५ मधे. सुपरमॅनचे जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी तर १९३८ मधे सगळे हक्क १३० डॉलरला दिले होते. हे वाचल्यावर रिव्ह्यूमधे लेखक, पेन्सिलर (पेन्सिलीने चित्र काढणारा), इंकर (त्यावर शाई फिरवणारा), कलरिस्ट, लेटरर (फुग्यांतली अक्षरं लिहिणारा) यांची नावं न देणं मला चालतच नाही.

पवित्र प्रभाकरला कधी कव्हर करणार? आपला मुंबईचा स्पायडर-मॅन आहे, आपणच नाही केलं तर कोण करणार?
– एक वाचक, वाशी

करणार, पण आपला आहे म्हणून चांगलंच लिहीन असं नाही. २००४ ची ‘स्पायडर-मॅन इंडिया’ ही चार इश्यूंची सिरीज, जीवन कांग यांची चित्रं, धोतर नेसलेला स्पायडी, काका भीम आणि मावशी माया, ग्रीन गॉब्लिनच्या जागी राक्षस, शक्ती कोळ्याने चावून नाही तर एका योग्याकडून. चित्रं मला आवडतात, काही पानं तर अजून डोळ्यासमोर आहेत. पण गोष्ट मूळच्या स्पायडर-मॅनची, पीटर पार्करचीच, नावं तेवढी बदललेली. मुंबईत राहणाऱ्या एखाद्या पोराची फी, त्याची लोकल, त्याची चाळ किंवा बिल्डिंग, त्याच्या भाषा, यातलं फारसं काही गोष्टीला वळण देत नाही. २०२३ च्या सिनेमात तोच पवित्र येतो तेव्हा जास्त मोकळा वाटतो कारण तो तिथे पीटरची कॉपी म्हणून उभा नाही, स्वतःच्या मस्तीत आहे. हे असंच छापणार आहे मी. वाशीकरांना राग आला तर पत्र पाठवा, तेही छापू.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, सुपरहिरोचं वेड आहे. दुकानात गेलं की सगळी पुस्तकं सारखीच दिसतात हो. तुमच्या रिव्ह्यूमधे वयाचं काही लिहीत नाही.
– एक आई, खारघर

यापुढे लिहू, तुमची मागणी अगदी रास्त आहे. कव्हरवर सुपरहिरो दिसला म्हणजे लहान मुलांचं, असं आपल्याकडे अजूनही धरून चालतात आणि तिथेच गडबड होते. ‘वॉचमेन’ १९८६-८७ चं, फार मोठं काम, पण दहा वर्षांच्या मुलाच्या हातात अजिबात देऊ नका. कव्हरवर ‘डीसी ब्लॅक लेबल’ असं दिसलं तर ते मोठ्यांसाठी आहे हे नक्की समजा.

त्याच्यासाठी ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’ शोधा. जीन लुएन यांग यांनी लिहिलंय, चित्रं गुरिहिरू यांची. १९४६ मधे एक चिनी कुटुंब मेट्रोपोलिस या सुपरमॅनच्या शहरातलं चायनाटाउन सोडून शहराच्या मध्यभागी राहायला येतं आणि काही लोकांना ते तिथे नको असतात. सुपरमॅन पण बाहेरून आलेलाच ना, मग त्याला स्वतःबद्दल काय वाटतं, हे इतक्या सोप्या आणि प्रेमळ पद्धतीने सांगितलंय की मुलगा वाचून झाला की तुम्ही पण वाचा. अजून हलकंफुलकं हवं असेल तर रायन नॉर्थ आणि एरिका हेंडरसन यांची ‘स्क्विरल गर्ल’, जी खलनायकांशी आधी बोलून बघते, मग गरज पडली तरच मारामारी. आणि दोन-तीन वर्षांनी ‘मिस मार्व्हल’, २०१४ ची, जर्सी सिटीतली कमला खान, घरातल्या शिस्तीचं आणि बाहेरच्या जगाचं जी ओढाताण चालते ती आपल्या मुलांना लगेच कळेल. पहिल्या भागाला २०१५ मधे ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा पुरस्कार, मिळालाय.

आमच्या लहानपणी वेताळ, मँड्रेक, बहादूर असे. इंद्रजाल कॉमिक्स मराठीत यायचं. तुमच्या पानांवर त्यांना जागा आहे का, की फक्त इंग्रजीचीच चलती?
– एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा

काका, जागा आहे आणि ती नुसत्या आठवणींसाठी नाही. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं. वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम, तो मूळचा १९३६ चा, म्हणजे सुपरमॅनच्याही आधीचा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि डोळ्यावर मास्क त्यानेच आधी घातला. पण मला जास्त लिहायचंय बहादूरवर. १९७६ मधे आबिद सुरती यांनी तो आणला, सुरुवातीची चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. कुर्ता आणि जीन्स, अंगात कुठलीही जादुई ताकद नाही, चंबळच्या बाजूचे डाकू समोर, आणि गावातल्याच लोकांना उभं करून संरक्षण दल बांधतो. एकट्याने सगळं निस्तरणाऱ्या हिरोपेक्षा हे वेगळं होतं. तरी जुनं आहे म्हणून डोक्यावर घेणार नाही, त्यातल्या डाकूंकडे आणि बायकांकडे आज कसं बघायचं तेही लिहावं लागेल. वेताळबद्दल तर ते आलंच पाहिजे, जंगलातल्या लोकांचा तारणहार गोराच का, हा प्रश्न टाळून त्याचा रिव्ह्यू होऊ शकत नाही. तुमच्याकडे जुने मराठी अंक असतील तर कळवा, मी नौपाड्यात येऊन तुमच्यासमोर बसून वाचीन.

पहिल्या इश्यूचा रिव्ह्यू करता की पूर्ण ट्रेडचा? (नेरूळ, सीवूड्स आणि कळवा)

ट्रेडचा, म्हणजे पाच-सहा इश्यू एकत्र बांधलेल्या पुस्तकाचा. पहिला इश्यू बहुतेक वेळा नुसता ट्रेलर असतो. शिवाय एक इश्यू चार-पाच डॉलरचा, आपल्याकडे येईपर्यंत चारशेच्या आसपास जातो आणि तो वीस मिनिटात संपतो, त्यापेक्षा बहुतेक वाचक ट्रेडच घेतात. अपवाद एकच, नवीन आणि छोट्या सिरीजचा, तिथे थांबलं तर उशीर होतो, म्हणून त्याचे दोन-तीन इश्यू वाचून लगेच लिहायचं.

सिनेमा आला की त्या हिरोचं कॉमिक कव्हर करा ना, लोक शोधत असतात. (माजिवडा)

सिनेमा बघून आलेल्या माणसाने कुठून सुरुवात करावी एवढी एक चौकट देऊ. पान नाही.

आम्ही रिव्ह्यू पाठवले तर छापाल का? (घणसोली, कोपरी)

हो, आणि खरंच पाठवा. साधारण तीनशे शब्द, मराठीत, देवनागरीत. पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं, पीडीएफची पहिली वीस पानं बघून नाही. शेवट सांगणार असाल तर सुरुवातीलाच तसं लिहा. पाच स्टार, साडेतीन स्टार असलं काही नको, काय आवडलं, काय खटकलं, आणि कोणाला द्यावंसं वाटलं ते लिहा. चित्रकाराचं आणि कलरिस्टचं नाव हवंच. आणि बॅटमॅनवर पाठवणार असाल तर त्याच्यासोबत ज्याचं नाव मी ऐकलं नसेल अशा एका टायटलवर पण लिहून पाठवा, आधी मी ते वाचायला घेईन.