फाउंड्रीजवळ (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याजवळ) खोली घेताना
खोली दुपारी बघू नका, रात्रपाळी चालू असताना जा. आवाज तेव्हाच कळतो. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवा. काळी पूड लागली तर ती कागदावर घेऊन खालून लोहचुंबक फिरवा. कण चुंबकामागे सरकले तर लोखंडाची धूळ समजा. हीच जास्त छळते: ओल्या कपड्यांवर बसली की गंजाचे तांबूस ठिपके पडतात. त्यावर ब्लीच अजिबात नको, डाग पक्का होतो. लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवा, मग धुवा (रंगीत कपड्यावर आधी आतल्या बाजूला थोडा लावून बघा). कपडे वाळत घालण्याआधी दोरी ओल्या फडक्याने पुसा, नेमकं तेच राहून जातं. केर काढताना धूळ नुसती उडते, त्यापेक्षा फरशी ओल्या फडक्याने पुसलेली बरी. आणि हो, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण नीट बसतं का बघून घ्या.