माळकरी घर आणि गव्हाची व्हिस्की

पत्र, थोडक्यात: "मुलगा 23 वर्षांचा. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, 71 टक्के. दोन वर्षं एमपीएससीची तयारी करतोय, सदाशिव पेठेत अभ्यासिका लावून दिली आहे. पण डोक्यात एकच खूळ: बारामतीकडच्या आपल्या शेतातल्या गव्हाची व्हिस्की करायची. 'आपल्या गव्हाची पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, मग व्हिस्की उत्तमच होणार,' म्हणतो. गच्चीवर कुकरला तांब्याची नळी जोडून काहीतरी करत होता. मी सगळं फेकून दिलं. आम्ही माळकरी. माझे थोरले बंधू दारूनेच गेले, घरात तो विषय आम्ही काढत नाही. लोकांना काय सांगू, मुलगा हातभट्टी लावतो? तुम्ही त्याला समजवा. मी पत्र लिहिलंय हे त्याला कळू देऊ नका." – एक वडील, हडपसर

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात टक्के आहेत, क्लासची फी आहे, लोक काय म्हणतील हे तर चार-पाच वेळा आहे. थोरल्या भावाबद्दल मात्र एकच वाक्य, आणि त्याला लागूनच "तो विषय आम्ही काढत नाही." मी तिथेच अडकले. बाकीचं सगळं पत्र त्या एका वाक्यातून आलंय असं मला वाटतं.

काका कसे गेले, हे मुलाला कुणी नीट सांगितलंय का? तो गहू, यीस्ट, पिंप असं बोलायला लागला की तुमच्या डोळ्यांपुढे भावाचे शेवटचे दिवस येत असणार. त्याला ते दिसत नाहीत. त्याला फक्त चिडलेले वडील दिसतात आणि कानावर पडतं 'लोक काय म्हणतील'. तेवीस वर्षांचा कुठलाही मुलगा एवढ्यावर मागे फिरत नाही. उलट हट्टाला पेटतो. रक्ताच्या नात्यात कुणाला दारूचं व्यसन असेल तर पुढच्या पिढीला त्याचा धोका जास्त असतो, हे वैद्यकशास्त्र मानतं. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि नेमका तोच तुम्ही त्याच्यापुढे ठेवलेला नाही. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून पुण्यात काम करतंय. तिथल्या समुपदेशकांशी तुम्ही दोघांनी एकदा बोलावं, असं मी आग्रहाने सांगते. मुलाला व्यसन आहे म्हणून नव्हे. ज्या धंद्यात रोज दारूच्या वासात उभं राहायचंय, त्यात शिरण्याआधी आपल्या घरात काय घडून गेलंय ते त्याला माहीत हवं. आणि भावाबद्दल इतक्या वर्षांत न बोललेलं तुमच्याही मनात बरंच साचलेलं असेल.

एमपीएससीचं एका ओळीत सांगते: ज्याला ती परीक्षा द्यायचीच नाही त्याने सदाशिव पेठेत तिसरं वर्ष काढू नये, अभ्यासिका आज बंद करा. नातेवाइकांत "मुलगा अधिकारी होणार" हे तुम्ही सांगून बसलात, ते निस्तरायची जबाबदारी त्याची नाही.

माळेबद्दलही स्पष्ट लिहिते. ती श्रद्धा तुमची आहे आणि तिचा मान मुलाने राखलाच पाहिजे. या कामासाठी जमीन देणार नाही, पैसा देणार नाही, घरात हे चालणार नाही, असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण त्याने कुठली परीक्षा द्यायची हे ठरवायचा हक्क त्यातून येत नाही.

कुकर फेकलात ते योग्यच केलंत. हे मुलालाही वाचून दाखवा: महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं हा दारूबंदी अधिनियम, 1949 खाली गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. 'फक्त प्रयोग होता' ही सबब तिथे चालत नाही. शिवाय अल्कोहोलची वाफ एखाद्या सांध्यातून सुटली आणि खाली गॅस पेटता असला, तर गच्चीवर काय होईल ते मायक्रोबायोलॉजीच्या मुलाला मी सांगायला नको.

आता त्याच्या गैरसमजाकडे येते. पोळीचा चांगला गहू म्हणजे व्हिस्कीचा चांगला गहू, हे खरं नाही. बऱ्याच अंशी उलटंच आहे. पोळी मऊ राहते, पीठ लवचीक होतं, ते गव्हातल्या प्रथिनांच्या जोरावर. दारू मात्र स्टार्चपासून होते, आणि प्रथिनं वाढली की त्या मानाने स्टार्च कमी. म्हणून स्कॉटलंडच्या ग्रेन डिस्टिलऱ्या, म्हणजे गहू-मक्यासारख्या धान्यांची व्हिस्की करणारे कारखाने, मऊ दाण्याचा, कमी प्रथिनांचा गहू घेतात. आपल्याकडे वाणं घडवली गेली ती पोळीसाठी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एमएसीएस 6478 हे वाण 14 टक्के प्रथिनांसाठी नावाजलं गेलं. खपलीलाही प्रथिनं भरपूर. दुसरी अडचण अशी की जवाला असतं तसं, गाळताना चाळणीचं काम करणारं टरफल मळणी केलेल्या गव्हाला नसतं. त्यामुळे गरम पाण्यात कालवलेलं भरड पीठ खळीसारखं चिकट होतं, गाळताना तुंबतं, आंबताना फेसाळतं. बरेच जण ते न गाळता चोथ्यासकटच आंबवतात. स्टार्चची साखर करायला जवाचं किंवा गव्हाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, घालावं लागतं ते वेगळंच. याचा अर्थ आपल्या गव्हाची व्हिस्की होणार नाही असा नाही. उतारा कमी पडेल, चव कदाचित आपली स्वतःची येईल. पण ते प्रयोगशाळेत मोजून ठरतं, पोळीवरून नाही. आणि गव्हाबद्दल तुमच्या मुलापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. कुठल्या रानातला दाणा कडक येतो, युरिया जास्त झाला की काय होतं, हे त्याला तुमच्याशिवाय कोण सांगणार? जास्त नत्र म्हणजे दाण्यात जास्त प्रथिनं, हे त्याने पुस्तकात वाचलं असेल.

हे काम करणारा माणूस बेवडा असतो, हा तुमचाही समज सोडा. व्हिस्कीची पारख करणारे नमुन्यात पाणी घालून त्यातलं अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास आणतात आणि दिवसभर बहुतांशी नाकाने काम करतात. अमेरिकेत व्हीट व्हिस्की म्हणवायला निदान 51 टक्के गहू आणि आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप लागतं. तिची ख्याती आहे ती सौम्यपणाची: पावाची कड, मध, थोडी व्हॅनिला. ज्याला तिचा आस्वाद घ्यायचाय तो घोटभर ओततो, थेंबभर पाणी घालतो आणि अर्धा तास त्याच्याशी बसतो. हे शिकता येतं. मात्र महाराष्ट्रात कडक मद्य पिण्याचं कायदेशीर वय 25 आहे, म्हणजे तुमच्या मुलाला अजून दोन वर्षं थांबायचंय. तोवर नाक तयार करावं: गूळ, भाजलेली कणीक, ताकाची आंबूस झाक, सगळ्यांचे वास डोळे मिटून ओळखावेत.

शिक्षण तर तुमच्या दाराशी आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किण्वन आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला ती सरळ वाट आहे. प्रवेशाच्या अटी संस्थेत जाऊन विचाराव्यात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, यीस्टवर काम करणाऱ्याने तो माहीत करून घ्यावा. यानंतर नोकरी, निदान पाच वर्षं. साखर कारखान्याचा इथेनॉल प्रकल्प चालेल, बिअरची ब्रुअरी चालेल. यीस्ट सगळीकडे तेच शिकवतं.

स्वतःची डिस्टिलरी या वयात काढायचा विचार मात्र त्याने सोडावा. परवाने आणि उत्पादन शुल्काचं ओझं आहेच, पण खरा मारेकरी वेळ आहे. व्हिस्की विकण्याआधी काही वर्षं लाकडी पिंपात मुरवावी लागते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के व्हिस्की उडून जाते. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत हे प्रमाण 10 ते 12 टक्के सांगतात. पुण्यासाठी हिशेबापुरते 10 धरा: 200 लिटरच्या पिंपात तीन वर्षांनी सुमारे 146 लिटर उरतात, आणि त्या तीन वर्षांत विक्री शून्य. त्याच अमृतने 1948 मध्ये धंदा सुरू केला आणि पहिली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त जवाच्या माल्टपासून केलेली व्हिस्की, बाजारात आणली 2004 साली.

हे उत्तर मुलापासून लपवू नका. मी त्याला 'समजवणार' नाही. असं कुणाला माझ्याकडे पाठवलं की तो हो म्हणून जातो आणि घरी काहीच बदलत नाही. पुढच्या महिन्यात दोघं एकत्र या. येण्याआधी एका संध्याकाळी त्याला जवळ बसवून काकांबद्दल सांगा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याला मध्येच काही विचारायचं असेल तर विचारू द्या.