परदेशातल्या सरांच्या नोट्स सापडल्यात, वापरू का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी एस.वाय.बी.ए.ला आहे, मानसशास्त्र स्पेशल, अंबाजोगाईजवळच्या गावातून रोज एसटीने कॉलेजला येते. शिक्षण सगळं मराठीतून झालंय. या सेमिस्टरला व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत हा पेपर आहे आणि लायब्ररीत त्या विषयाची दोनच पुस्तकं, ती कायम कुणीतरी नेलेली. शोधता शोधता मला अमेरिकेतले प्रोफेसर सी. जॉर्ज बोएरे यांच्या नोट्स सापडल्या. फ्रॉइड, युंग, ॲडलर, मास्लो, रॉजर्स, फ्रँकल सगळे आहेत आणि फुकट! इंग्रजी सोपंय, मोबाईलवर वाचता येतं. त्याच साइटवर मानसशास्त्राचा इतिहास आहे, बौद्ध धर्माबद्दल आहे, त्यांनी स्वतः तयार केलेल्या एका भाषेबद्दलसुद्धा आहे, मी तीन रात्री त्यातच होते, अभ्यास झाला की वेळ गेला तेच कळत नाही. आमचे सर म्हणतात नेटवरचं चालणार नाही. मी मास्लोचं प्रकरण मराठीत उतरवून प्रोजेक्टला लावायचं ठरवलं होतं, ते चालेल का? अजून दोन गोष्टी. कॅरेन हॉर्नीच्या प्रकरणात दहा न्यूरॉटिक गरजा दिल्यात, त्यातल्या आठ माझ्यात आहेत असं वाटतंय आणि तेव्हापासून झोप नीट नाही. आणि माझी आजी दर वर्षी वारीला जाते, पायाला फोड, जेवणाचा ठिकाणा नाही, झोपायला कुठलं तरी शाळेचं पटांगण, तरी ती वर्षातले सगळ्यात चांगले दिवस तेच म्हणते, मग आधी भूक-झोप, मग सुरक्षितता, मग प्रेम आणि सन्मान हा मास्लोचा गरजांचा क्रम तिला कसा लावायचा?

उत्तर : तुझ्या शेवटच्या दोन प्रश्नांसाठी तुला आधीच शाबासकी देते, कारण दोन्ही प्रश्न वाचल्याशिवाय पडत नाहीत.

आधी झोपेचं. हॉर्नीची ती यादी १९४२ च्या तिच्या पुस्तकातली. सगळ्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं, कुणीतरी आपल्याला सांभाळावं, कौतुक व्हावं, यश मिळावं, कुणाची गरज लागू नये, चूक होऊ नये, वगैरे. आता मला सांग, या गरजा कुणाला नसतात? तुझ्या सरांना आहेत, मला आहेत, तुझ्या एसटीच्या कंडक्टरला पण असतील. हॉर्नीचं म्हणणंच असं की गरज साधी माणसाची असते, ती न्यूरॉटिक होते तेव्हा तिला माणूस आणि प्रसंग कळेनासा होतो, म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसानेही आपल्याला चांगलं म्हटलंच पाहिजे असं वाटायला लागतं, आणि नाही म्हटलं की नुसतं वाईट वाटत नाही, पायाखालची जमीन सरकते. परीक्षेत चुकू नये असं वाटणं म्हणजे ते नव्हे. मानसशास्त्राच्या पहिल्या दोन वर्षांत जवळजवळ प्रत्येकाला प्रत्येक प्रकरणात स्वतःच दिसतो, मेडिकलच्या मुलांना नाही का शिकतील तो आजार आपल्यालाच झालाय असं वाटत, तसंच. तरी पंधरा दिवसांनीही झोप लागत नसेल तर पुस्तक बाजूला ठेव आणि माणसाशी बोल, १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता बोएरे सरांबद्दल. हे गृहस्थ जन्माने डच, लहानपणीच अमेरिकेत आले, पेनसिल्व्हेनियातल्या शिपेन्सबर्ग युनिव्हर्सिटीत वर्षानुवर्षं व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत शिकवले आणि वर्गात शिकवायचं ते लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. २०२१ मध्ये ते गेले. ज्या भाषेत तू अडकलीस ती लिंग्वा फ्रँका नोव्हा, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज, स्पॅनिश आणि कातालान यांच्या शब्दांवरून बांधलेली सोप्या व्याकरणाची भाषा, १९९८ मध्ये त्यांनी ती लोकांसमोर आणली. पूर्वी भूमध्य समुद्राच्या बंदरांत व्यापारी नि खलाशी एक मिश्र बोली बोलायचे, तिच्यावरून त्यांना हे सुचलं. तीन रात्री वाया गेल्या असं मी अजिबात म्हणणार नाही. एक माणूस फ्रॉइड शिकवतो, बुद्ध वाचतो आणि जगाला बोलायला सोपी भाषा करायला बसतो, हे बघितलंस म्हणजे माणसाचं मन या एकाच गोष्टीकडे तो किती बाजूंनी जात होता ते तुला दिसलं. माझ्या शिक्षणात मला असा एक शिक्षक मिळाला असता तर किती बरं झालं असतं असं मला तुझं पत्र वाचताना वाटलं.

पण भरवसा किती ठेवायचा? चांगल्या शिक्षकाच्या वर्गातल्या बोलण्यावर ठेवतो तेवढा. नोट्सखाली १९९७ आणि २००६ अशी सालं दिसतील, म्हणजे त्यानंतरचं त्यात नाही. आणि त्यानंतर बरंच झालंय, २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष ठाम आला होता, परत केल्यावर तो जेमतेम ३६ टक्क्यांत आला. हे माहीत नसताना वाचलं की छापलेलं सगळं खरं वाटतं. तरी त्यांची प्रस्तावना मात्र आधी वाच, मुलं ती सोडून थेट फ्रॉइडवर जातात. सिद्धांत मांडणारा कुठे वाढला, कुठल्या काळात वाढला, स्वतःच्याच आयुष्याला सगळ्यांचं आयुष्य समजतोय का, हे आधी विचारा असं ते तिथे सांगतात. फ्रॉइडसमोर व्हिएन्नातले रुग्ण होते, अंबाजोगाईचे नव्हते, एवढं मनात धरून वाचलंस तरी पेपरात वेगळं लिहिशील.

तुझे सर नेटवरचं चालणार नाही म्हणतात त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. नेटवरचं म्हणजे काय? कुणी लिहिलंय ते माहीत नसलेली, एकमेकांवरून उतरवलेली पानं, ती नकोतच. पण मूळ निबंधसुद्धा नेटवरच आहेत. टोरांटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीतले क्रिस्टोफर ग्रीन या मानसशास्त्राच्या प्रोफेसरांनी 'क्लासिक्स इन द हिस्टरी ऑफ सायकॉलॉजी' या नावाने जुने मूळ लेख जसेच्या तसे वाचायला ठेवलेत. विल्यम जेम्सचा १८९० चा ग्रंथ, वॉटसनचा वर्तनवादावरचा १९१३ चा लेख, छोट्या अल्बर्ट नावाच्या बाळाला भीती शिकवल्याचा १९२० चा प्रयोग, एका वेळी किती गोष्टी लक्षात राहतात यावरचा मिलरचा १९५६ चा सात अधिक-उणे दोनवाला, आणि तुझ्या मास्लोचा गरजांवरचा निबंध, १९४३.

हा मास्लो उघड आणि त्यात पिरॅमिड शोध. सापडणार नाही! प्रत्येक गाइडमध्ये, प्रत्येक स्लाइडवर असलेला तो त्रिकोण त्या निबंधात नाहीच, तो नंतर लोकांनी काढला. आणि त्रिकोण काढल्यामुळे काय झालं, तर खालची पायरी पूर्ण भरल्याशिवाय वरची येतच नाही असं पोरं पाठ करायला लागली. मास्लो उलट म्हणतो, समजा सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागल्यात, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मवास्तविकीकरणाच्या, म्हणजे आपल्यात जे आहे ते पूर्ण फुलवण्याच्या, १० टक्के. हे आकडे फक्त समजावण्यापुरते मनाने घेतलेत हेही तो तिथेच सांगतो, तेव्हा ते मोजलेले आकडे म्हणून लिहू नकोस, पुष्कळ जण तसे लिहितात. म्हणजे सगळ्या गरजा एकाच वेळी थोड्या थोड्या भागत असतात.

मग तुझी आजी. त्याच निबंधात हा क्रम किती पक्का यावर वेगळा भाग आहे आणि त्यात तो अपवाद एकेक करून देतो. त्यातला एक असा की काही माणसं एखाद्या मूल्यासाठी, आदर्शासाठी बाकी सगळं सोडायला तयार असतात, आणि ज्यांच्या मूळ गरजा आयुष्यभर, विशेषतः लहानपणी, नीट भागलेल्या असतात त्यांना पुढे उपासमार, एकटेपणा, विरोध जास्त सोसता येतो. आता आळंदी ते पंढरपूर तीन आठवडे चालणाऱ्या आजीला विचार, लहानपणी घरात कसं होतं, पहिल्यांदा वारीला कुणाबरोबर गेली, दिंडीत आजारी पडली तेव्हा कोणी सांभाळलं. मला तर वाटतं दिंडीत सुरक्षितता आणि आपलेपणा या दोन्ही गरजा घरापेक्षा जास्त भागत असतील, अंथरूण नसलं म्हणून काय झालं, चारशे माणसं ओळखीची आजूबाजूला आहेत. पण हे माझं वाटणं झालं, तू तिच्या तोंडून ऐक, उतरवून घे, आणि तोच तुझा प्रोजेक्ट कर! बोएरेंचं प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावाने लावणं ही चोरीच, भाषा बदलली म्हणून ती आपली होत नाही. त्यांचं नाव, साल, प्रकरणाचं नाव आणि पत्ता देऊन चार ओळींचा आधार घे, मास्लोचा मूळ निबंध दे, आणि बाकी पानं आजीची. एवढं बघून तुझे सर नाही म्हणतील असं मला वाटत नाही, आणि म्हणालेच तर त्यांना मूळ निबंध दाखव, नम्रपणे.

इंग्रजीचं भय सोड. एका एसटी प्रवासात एक परिच्छेद, बस. अडलेल्या शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा मानसशास्त्राचा परिभाषा कोश ऑनलाइन बघायला मिळतो, मराठी विश्वकोशातल्या नोंदीही वाच, कंडिशनिंगला अभिसंधान आणि रिइन्फोर्समेंटला प्रबलन म्हणतात हे परीक्षेत लागणारच आहे. इग्नूच्या ई-ज्ञानकोशात बी.ए.च्या मानसशास्त्राचं साहित्य आहे, आपल्या सिलॅबसच्या बऱ्यापैकी जवळचं. आणि एक काम आजच कर, बोएरेंची लागणारी प्रकरणं सेव्ह करून ठेव. गेलेल्या माणसाची पानं कॉलेजच्या सर्व्हरवर किती दिवस राहतील याची खात्री नसते. पान उघडलं नाही तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून बघायचा, तिथे जुन्या प्रती सापडतात.

प्रश्न : मी सिंधुदुर्गात ज्युनिअर कॉलेजला मानसशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही. परदेशी प्राध्यापकांनी खुलं ठेवलेलं साहित्य वर्गात वापरता येईल का? प्रिंट काढून वाटलं तर चालतं का?

उत्तर : सर, प्रिंटचं आधी सांगते. प्रत्येकाच्या पानावर परवानगीची ओळ असते, ती वाचा, ओळ नसेल तर लिंक द्या, प्रिंट नको.

वर्गात दाखवायला इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या डॅनियल सायमन्स यांचा व्हिडिओ आहे, पांढऱ्या शर्टवाल्यांनी बॉल किती वेळा टाकला ते मोजायचं आणि मधून गोरिलाच्या वेशातलं माणूस चालत जातं. सायमन्स आणि शाब्री यांनी १९९९ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला तेव्हा साधारण निम्म्या लोकांना गोरिला दिसला नव्हता. अडचण एवढीच की आता पोरांनी तो मोबाईलवर पाहिलेला असतो.

त्यापेक्षा मी सुचवेन स्मृतीवर प्रयोग करणारा जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस. १८८५ चं त्याचं स्मृतीवरचं पुस्तक वर सांगितलेल्या ग्रीन यांच्या संग्रहात इंग्रजीत आहे. त्याला ना प्रयोगशाळा होती ना दुसरा माणूस, स्वतःवरच प्रयोग. व्यंजन-स्वर-व्यंजन अशी सुमारे २३०० निरर्थक अक्षरं करून त्याने ती पाठ केली आणि परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं, तासाभराने बचत ४४ टक्क्यांवर, एका दिवसाने ३४, एकतीस दिवसांनी २१. हे मराठीत करा. मुलांनाच निरर्थक अक्षरं करायला लावा, इथेच खरी मजा येते, कारण 'मूग' चालत नाही, 'ढब' म्हटलं तर कुणीतरी अर्थ सांगतो, आणि तुमच्याकडे मालवणीत अर्थ निघाला म्हणून निम्मी यादी बाद होईल. अर्थ नसलेलं काही शोधणं इतकं अवघड का, यावर एक तास सहज जातो. खर्च खडूचा. मुलांचे आकडे एबिंगहाउसशी जुळले नाहीत तर ते तसेच फळ्यावर लिहा, जुळवून घेऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी कॉमर्सची आहे. येल युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापिकेचा आनंदाविषयीचा फुकट कोर्स तिने ऑनलाइन केला, आता सर्टिफिकेटसाठी पैसे भरून काउन्सेलिंग सुरू करीन म्हणते. करू द्यावं का? (एक आई, ठाणे)

उत्तर : तो लॉरी सँटोस यांचा कोर्स असणार, २०१८ पासून सुरू आहे आणि चांगला आहे, झोप, व्यायाम, माणसांशी बोलणं याबद्दल स्वतःसाठी करायच्या गोष्टी त्यात आहेत. स्वतःसाठी. त्या सर्टिफिकेटवर दुसऱ्याचं मन हाताळायला बसणं धोक्याचं आहे, समोरचा आत्महत्येचं बोलला तर ती काय करणार आहे? आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि त्याआधी काही वर्षांचं शिक्षण नि देखरेखीखालचं काम. तिला खरंच ओढ असेल तर पैसे सर्टिफिकेटला न घालता मानसशास्त्रात बी.ए. किंवा एम.ए.ला कुठे प्रवेश मिळतो ते दोघी मिळून बघा, आणि तोपर्यंत पहिल्या पत्रातल्या मुलीसारखं तिला रात्री फुकट वाचू द्या.